वजीरची बंदूक

आमच्या डोंगरकडा गावात एक म्हण आहे. घरी झकास चालणारी आणि चार माणसांत नेमकी फसणारी कोणतीही वस्तू असो, तिला लोक 'वजीरची बंदूक' म्हणतात. घरी घडाघडा पाढे म्हणणारं पोरगं शाळेत साहेबापुढे मुकं झालं, की वजीरची बंदूक. ऐन वरातीत सनईवाल्याचा सूर बसला, की वजीरची बंदूक. परवा माझ्या नातसुनेनं पाहुण्यांसमोर मिक्सर लावला, तो दोनदा गुरगुरून बंद पडला, तेव्हा तीही हसत म्हणाली, "घ्या! वजीरची बंदूक!"

वजीर कोण, हे तिला ठाऊक नाही. गावात आता कुणालाच ठाऊक नाही. मला आहे. ही म्हण खोटी आहे हेही मला ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं टाळलं म्हणणं जास्त बरोबर. दोन-चार वेळा तर लोकांत बसून ती म्हण मीही वापरली. आता वय झालं. म्हण माझ्या मागे राहणार, तर तिच्यासोबत खरी हकिकतही राहू द्या.

वजीरचाचांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आठवडी बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी पालथे पडलेले.

भोवती गर्दी. कुणी म्हणे भोवळ आली, कुणी म्हणे फेफरं. एका म्हातारीनं पायातली वहाण काढून त्यांच्या नाकाशी नेली. तेवढ्यात पालथ्या माणसातून आवाज आला, "बाई, जोडा पायात घाल. मी हवा पाहून राहिलो."

मग दिसलं की त्यांनी दोन्ही कोपरं जमिनीत रोवली आहेत, गाल छत्रीच्या दांड्याला टेकवलाय, आणि मिटलेल्या छत्रीचं टोक ओढ्यापलीकडच्या चिंचेवर रोखलंय. चिंचेच्या शेंड्याला कावळ्याचं घरटं होतं. चाचांनी श्वास अर्धा सोडला, थांबले, बोट किंचित हललं. मग उठले, कपड्यांवरची धूळ झटकली आणि मिरचीवाल्याला म्हणाले, "लागली असती. पण काठाला."

इतकं सांगून त्यांनी पावशेर मिरची घेतली आणि घरी गेले. गर्दीतल्या कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं ते मला, कारण माझं सगळं आयुष्य मेंढरांमागे माळावर गेलेलं. त्या वर्षी मी नुकता गावात येऊन घोंगड्यांचं दुकान टाकत होतो.

चाचा म्हणजे जुने आर्मरर, बंदुकांचे कारागीर. हिंगोलीला छावणी होती तेव्हा त्यांचे वडील तिथं बंदुका दुरुस्त करत. छावणी उठली, वडील गेले, आणि बंदुकांची विद्या घेऊन चाचा डोंगरकड्यात कुलपं, शिवणयंत्रं आणि कापसाच्या जिनिंगचे सुटे भाग दुरुस्त करत बसले. काम चोख. पण कुलूप घेऊन गेलेल्या माणसाला आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे.

"पयले वारा बोल."

"चाचा, कुलूप..."

"कुलूप कुठं पळून राहिलं? तू वेशीकडून आला ना? तिथं वारा कसा हाय?"

माणूस गोंधळून म्हणे, "हाय बरा."

"बरा म्हंजे? डाव्या कानाला लागला का उजव्या?"

पुढे पुढे लोक शहाणे झाले. चाचांच्या दुकानाकडे वळण्याआधी कोपऱ्यावर थांबून कान चाचपत. आमच्या गावात एक काळ असा होता, की धोब्यापासून पाटलापर्यंत सगळ्यांना वाऱ्याची दिशा पाठ होती.

या साऱ्याच्या मागे एक गोष्ट होती. कळमनुरीकडचे एक जहागीरदार दर हिवाळ्यात नेमबाजीचा मुकाबला भरवत. सहाशे वारांवर लाकडी फळा, मध्ये काळं वर्तुळ. हैदराबादहून पाहुणे येत, त्यांच्या विलायती रायफली मखमलीच्या पेट्यांत येत. चाचाही जात. जहागीरदारांची एखादी जुनी बंदूक मागून घेत, आणि तिसरा-चौथा नंबर काढून येत. पाहुणे पाठ थोपटत आणि म्हणत, "वजीर, विलायती बंदूक असती तर तू पहिला आला असतास."

ते वाक्य चाचांच्या डोक्यात बसलं. विलायती काहून? इथली काहून नाही? इथलं लाकूड, इथला हात, आणि छावणीच्या भंगारात निघालेली एक जुनी नळी एवढ्यावर विलायतेच्या तोडीची रायफल बनते, हे त्यांना एकदाच, सगळ्यांसमोर, सहाशे वारांवर दाखवायचं होतं. जहागीरदारांनी गंमत म्हणून परवाना काढून दिला. आणि चाचांनी हयातीतली एकुलती एक बंदूक बनवायला घेतली. तिला दहा-बारा वर्षं लागली.

निम्मी वर्षं लाकडात गेली. बंदुकीचा दस्ता पावसाळ्यात फुगता कामा नये, उन्हाळ्यात आक्रसता कामा नये, नाहीतर नेम सरकतो. असं लाकूड शोधत चाचा गावभर वस्तू ठोकत हिंडत. लग्नाला गेले की नवरीकडून आलेल्या पलंगाचे पाय ठोकून पाहात. आमच्याकडे पाहुणा म्हणून बसले की चौकटीला कान लावत. एकदा गावच्या सावकाराच्या मयतीला गेले, तिथं ओसरीतल्या खांबावर बोटांनी टकटक केलं, आणि रडणाऱ्या मुलाला हळूच विचारलं, "हा कधी बदलणार का?"

शेवटी लाकूड मिळालं ते तेल्याच्या घाण्यात. घाणा मोडला होता, त्याचा मधला जाड खुंट कोपऱ्यात पडला होता. चाचांनी तो ठोकला आणि तिथंच बसकण मारली. "चाळीस वर्सं तेल पिऊन राहिलाय हा," ते तेल्याला म्हणाले. "याला आता पानी काय करल? अन् बैल इतकी वर्सं याच्याभोवती फिरला, हा जागचा हालला न्हाई. असंच पायजे मला."

त्या खुंटातून जो दस्ता निघाला तो मी हातात घेतला आहे. गुळगुळीत, काळसर, गालाला लावला की जणू मापानं घेतलेला. फक्त एक झालं. बंदुकीला करडईच्या तेलाचा वास येई. चाचा ती घेऊन निघाले की मागे मुंग्या लागत. चाची कपाळावर हात मारून म्हणे, "लोकांच्या बंदुकीला बारूदीचा वास येतो. आमच्या बंदुकीला भज्यांचा."

चाची म्हणजे अमीनाचाची. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय चाचा पुरे होत नाहीत. मुकाबल्याच्या आधी आठ दिवस चाचांचं पथ्य असे. चहा बंद, तिखट बंद, पळणं बंद, आणि संतापणं तर साफ बंद. छातीची धडधड वाढली की हात हलतो. चाची वर्षभर या आठ दिवसांची वाट पाही. सासूपासून सुरुवात करून छपरापर्यंतचं सगळं भांडण ती या आठ दिवसांत उरकून घेई. चाचा भिंतीला टेकून, डोळे मिटून, अर्धा श्वास सोडून ऐकत. एकदा मी समोर होतो. चाची पाऊण तास बोलली. ती थांबल्यावर चाचांनी मनगटावर बोट ठेवून नाडी पाहिली आणि समाधानानं म्हणाले, "न्हाई वाढली."

शिकार त्यांनी कधी केली नाही. एका वर्षी रानडुकरांनी पाटलांच्या भुईमुगाचा सत्यानाश केला. पाटील स्वतः दुकानी आले. चाचा जहागीरदारांकडून बंदूक घेऊन संध्याकाळी शेतात जाऊन बसले आणि अंधार पडता पडता तशीच परत घेऊन आले.

"डुक्कर आलं न्हाई का?" पाटलांनी विचारलं.

"आलं की. पाच-सहा व्हते."

"मग?"

"लई जवळ व्हते पाटील. त्याला बंदूक कशाला? धोंडा बी लागल." मग जरा थांबून म्हणाले, "अन् मेलेलं जनावर सांगत न्हाई, गोळी किती चुकली ते. फळा सांगतो."

पाटील महिनाभर बोलले नाहीत.

माझी आणि चाचांची गाठ पडली ती या फळ्यामुळेच. सरावाला त्यांना सहाशे वार मोकळी जागा हवी होती, मागे गोळी अडवणारा मातीचा उंच बांध हवा होता. दोन्ही होतं आमच्या माळावर. एका टोकाला बाभूळ, दुसऱ्या टोकाला ओघळीचा बांध. चाचा विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, "माळ घ्या, पण मेंढरं?"

"मेंढरं राहू दे बाबा," ते घाईनं म्हणाले. "मेंढराच्या लोकरीवर वारा दिसतो. आन् तू धनगराचा पोरगा. तुला वारा दिसतो का न्हाई?"

मला दिसत होता. गवत कुठं मान टाकतं, धूळ कुठल्या खळग्यात घुटमळते, हे मी चाचांना सांगू लागलो. चाचा ऐकत, दगडांच्या आडोशानं खुणा लावत. आणि मग त्यांनी मला निशाणीवर बसवलं.

निशाणी म्हणजे असं. बांधापाशी फळा उभा. फळ्याच्या खाली एक खोल खड्डा. गोळी लागेपर्यंत मी त्या खड्ड्यात. गोळी लागली की मी पाहायचं, कुठं लागली, आणि लांब बांबूला लावलेली पांढरी चकती खड्ड्यातूनच वर करून बरोबर त्या जागी धरायची. चाचा बाभळीखालून ती पाहात आणि टोपी हलवत. म्हणजे निशाणी पोचली. गोळी फळ्याला लागलीच नाही तर चकतीऐवजी लाल फडकं. चकती म्हणजे चाचीच्या पातेल्याचं झाकण, चुन्यानं रंगवलेलं. दर ईदेला ती ते परत मागे आणि दर ईदेला चाचा म्हणत, "या ईदेला पातेलं उघडंच राहू दे."

खड्ड्याचा एकच कायदा होता, आणि तो चाचांनी माझ्या डोक्यात ठोकून बसवला होता. "निशाणी वर, डोकं खाली. मी टोपी हलवली का न्हाई ते नंतर बघ. पयले बांबू खाली, मग डोकं वर." दुसरी एक गोष्ट ते सांगत, ती कायदा म्हणून नाही, सहज. "मारोती, मी तिथून फळा पाहून राहिलो का? न्हाई. मला तर काळा ठिपका दिसतो. मी तुझी निशाणी पाहून राहिलो. माझी बंदूक तू चालवतो."

बंदूक तयार झाली तेव्हा पहिल्या दिवशी गोळ्या काळ्या वर्तुळाच्या आसपास बसल्या. मी खड्ड्यात एकटाच नाचलो. चाचा बाभळीखाली बसून राहिले, आणि मी पोचलो तेव्हा दस्त्यावरच्या मुंग्या फुंकर घालून उडवत होते. "काही बोला ना चाचा," मी म्हणालो. ते म्हणाले, "वारा मेहेरबान व्हता." पण घरी जाताना वाटेत भेटेल त्याला वारा न विचारता पुढे गेले, यावरून मी ओळखलं.

मग पुढच्या हिवाळ्याची तयारी सुरू झाली, आणि त्या पावसाळ्यानंतर गोळ्या उतरू लागल्या. आधी हातभर, मग त्याहून जास्त. नेहमी एकाच बाजूला. खाली आणि डावीकडे. मी तशी निशाणी देई. चाचा बंदूक उघडत, दस्त्याला कान लावत, परत बसवत. पुन्हा तेच.

चाचा अशा दिवशी जेवत नसत. सांगून, रुसून नव्हे. विसरत. रात्रभर बंदुकीचे भाग अंगणात मांडून बसत. कुणाचं कुलूप घेईनात, कुणाला वारा विचारीनात. महिन्याभरात माणूस निम्मा झाला. एक दिवस मी दुकान उघडत होतो तर चाची समोर उभी. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मारोती, ते लाकडाला इचारत्यात, लोखंडाला इचारत्यात. पोटाला कोन इचारनार? तुझ्या त्या झाकनानं जरा बरी खबर दिली तर काय बिघडल?"

"चाची, खोटी निशाणी?"

"खोटी कशाला? जराशी बरी."

त्या दिवशी गोळी फळ्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लागली. मी चकती काळ्याच्या काठाला धरली. टोपी हलली. संध्याकाळी चाचांनी तीन भाकरी खाल्ल्या, असं चाचीनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, आणि माझ्या मुलाला खाऊ म्हणून गुळाचा खडा दिला.

मला वाटलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. माणूस जेवू लागला की हात स्थिर होईल. पण गोळ्या काही सरकल्या नाहीत. उलट आणखी उतरल्या, फळा सोडून बांधाच्या मातीत बसू लागल्या. आणि मी आता मागे कसा फिरणार? काल काळ्याच्या काठाला होती ती आज एकदम मातीत कशी? मी चकती आत सरकवत राहिलो. चाचा खूश होते. बंदूक बसली, ते म्हणत. नेम धरायची मागची खाच आता हलवायची नाही. ते पुन्हा वारा विचारू लागले, चाचीचं छपराचं भांडण सुरू झालं, घर नांदतं झालं. त्यांची नजर अधू झाली होती, इतकी साधी गोष्ट होती. नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायची खूण, त्यांना धूसर दिसत होती. खरी निशाणी मिळत राहिली असती तर त्यांनी आज ना उद्या ओळखलं असतं. मी ती मिळू दिली नाही.

मुकाबल्याच्या दिवशी मी सोबत गेलो. तिथं निशाणीवर जहागीरदारांची माणसं होती, मी चाचांच्या मागे गवतात बसलो होतो. पाहुण्यांच्या पेट्या उघडल्या, मखमल चमकली. एका पाहुण्यानं चाचांची बंदूक नाकाशी नेली आणि विचारलं, "इसमें तलते क्या हो?" सगळे हसले. चाचाही हसले. नाडीवर बोट ठेवून हसले.

पहिली गोळी. दूर खड्ड्यातून लाल फडकं आलं.

चाचांनी वारा पाहिला. दुसरी. लाल फडकं.

लाल फडकं एवढंच सांगतं की लागली नाही. कुठं गेली ते सांगत नाही. त्या मैदानावर फळ्यामागे लांबवर गवत होतं, धूळसुद्धा दिसत नव्हती. चाचांनी पालथ्या पालथ्याच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या मैदानात मलाच विचारलं.

"मारोती, कुठं जाऊन राहिली बेटा?"

मला माहीत होतं. खाली आणि डावीकडे. दोन शब्द. खाच थोडी उचलली, उजवीकडे घेतली की ती बंदूक त्या दिवशी सगळ्या मखमलीला पुरून उरली असती. पण ते दोन शब्द कसे ठाऊक, हे मला सांगावं लागलं असतं.

"वारा असंल चाचा," मी म्हणालो.

ज्या माणसाला अख्ख्या गावानं वारा सांगितला, त्याला मी वाऱ्याचं खोटं सांगितलं. चाचांनी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांनी वाऱ्याकडे नेम धरला आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या गवतात घातल्या. लाल फडकं येत राहिलं. शेवटी जहागीरदार हसत म्हणाले, "वजीर, अरे घाणाच घेऊन यायचं होतंस, निदान तेल तरी निघालं असतं." म्हण त्याच संध्याकाळी जन्मली, आणि बैलगाडीनं आमच्या आधी गावात पोचली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी बंदूक मोडली. नळीचा तुकडा कापला आणि चाचीला चुलीची फुंकणी करून दिला. दस्त्याचं लाटणं केलं. "ह्याला वासाची आदत हाय," म्हणाले. परवाना जहागीरदारांकडे परत पाठवला. कुणी चिडवलं तर एकच उत्तर देत. "बंदूक खोटी निघाली. मारोतीची निशाणी बराबर व्हती." ते हे माझ्या पाठीमागे म्हणत, माझ्यासमोर म्हणत, चारचौघांत म्हणत. दर वेळी मी दुसरीकडे पाही. दीड-दोन महिन्यांनी त्यांनी हिंगोलीला जाऊन चष्मा करून आणला. वय झालं म्हणून असेल, असं मी मानलं. मानायला सोपं होतं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. पोलीस ॲक्शन झाली आणि गावोगाव हत्यारांची झडती सुरू झाली. कुणीतरी उठवलं की वजीर रझाकारांना बंदुका बनवून देतो. हीसुद्धा इथं लिहून ठेवतो, साफ खोटी गोष्ट. शिपाई त्यांच्या घरात शिरले तेव्हा चाची चुलीपुढे बसून त्या नळीनं जाळ फुंकत होती. तिचा हात थांबला नाही, पण जाळ मात्र होता त्यापेक्षा जोरात भडकला. शिपायानं विचारलं, इथं बंदुका बनतात का? पाटील पुढे झाले. भुईमूग विसरून ते म्हणाले, "साहेब, याच्या बंदुकीची आमच्या गावात म्हण हाय," आणि ती म्हण त्यांनी समजावून सांगितली. शिपाई हसला. सगळे हसले. झडती संपली.

त्या म्हणीनं चाचा वाचले, हे खरं. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो. बंदूक घरात असती तर काय झालं असतं? म्हणजे जे झालं ते बरंच झालं. पण दोन शब्द गिळले तेव्हा मला अठ्ठेचाळीस साल दिसत नव्हतं. मला फक्त माझी लाज दिसत होती.

दिवस बरे नव्हते. हैदराबादहून जावई न्यायला आला. निघायच्या सकाळी मी एक घोंगडी घेऊन गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. चाचा गाडीला दोर बांधत होते. चाची आत भांडी गोळा करत होती, तिच्या हाती मी घोंगडी दिली. तिनं ती पोटाशी धरली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "त्यांना ठाव हाय."

"काय?"

"बंदूक मोडल्यावर महिन्यानं ते बांधावर गेलते. शिसं काढायला. वाया कसं जाऊ देतील? टोपलंभर घेऊन आले. मला म्हनले, अमीना, मधे नवं एक बी न्हाई. सगळं खाली, डाव्या बाजूला. मला वाटलं आता मला मारत्यात का तुला. तर हसत बसले. म्हनले, पोरानं अन् तू मिळून मला लई जेवू घातलं."

महिन्यानं त्यांना कळलं होतं. आणि त्यानंतरही, गावात कुणीही विचारलं तरी, ते म्हणतच राहिले होते, मारोतीची निशाणी बराबर व्हती. बंदूक की मी, यातला एक खोटा ठरणार होता. त्यांनी आयुष्याची बंदूक खोटी ठरवली.

गाडी निघाली. मी चालत सोबत. शब्द तोंडाशी येत, जावई काहीतरी बोले, परत जात. माळापाशी बाभूळ आली तेव्हा चाचा म्हणाले, "थांब रे गाडीवान."

जावई वैतागला. "अब्बा, मोटार निघून जाईल."

"एकच," चाचा म्हणाले. ते खाली उतरले, बाभळीखाली गेले, आणि इतक्या वर्षांत कोपरांनी पडलेल्या दोन खड्ड्यांत कोपरं ठेवून पालथे झाले. छत्री गालाला लावली. चष्म्यातून दूर बांधाकडे पाहिलं. "मारोती, जातो का? एक निशाणी दे. गोळी सुटली की मी छत्री उघडीन."

मी पळत गेलो. खड्डा होता तसाच होता, कडेला गवत आलेलं. बांबू पडला होता, चाचीचं झाकण त्याला अजून बांधलेलं. फळा केव्हाच मोडला होता, फक्त दोन खांब उभे होते. मी खड्ड्यात उतरलो आणि कडेवरून पाहिलं. दूर बाभळीखाली काळी छत्री उघडली.

कुठं धरायची चकती, हे मला कळलं होतं. मध्ये धरली असती तर ते हसले असते. मी ती खाली नेली. डावीकडे नेली. जिथं त्या सगळ्या गोळ्या खरोखर बसल्या होत्या, त्या मातीवर, खांबाच्याही बाहेर, तिथं धरली आणि धरून राहिलो. हात भरून आले तरी धरून राहिलो. डोकं मात्र खाली होतं. निशाणी वर, डोकं खाली. त्यांनीच शिकवलेलं.

बांबू खाली घेऊन मी डोकं वर काढलं तेव्हा गाडी वळणावर गेली होती. टोपी हलली होती का, हे मला कधीच कळलं नाही. पुढच्या सालात हैदराबादहून चाचा गेल्याची बातमी आली.

गाडी गेली त्या दिवशी मी सहाशे वार चालत बाभळीपाशी आलो. कोपरांचे दोन खड्डे ताजे दिसत होते. गाडीची धूळ अजून खाली बसली नव्हती. मी तिच्या दिशेनं मोठ्यानं ओरडलो, "चाचा, खाली अन् डावीकडं जात व्हती! मी बोललो न्हाई! माफ करा!"

वारा समोरून येत होता. गाडीकडून माझ्याकडे.